रक्ताला कोण फसवतं?

पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयातले आर्मां त्रूसो हे एकोणिसाव्या शतकातले नावाजलेले डॉक्टर. शिरेत कारण नसताना गुठळी झाली, तर शरीरात कुठे कर्करोग दडलाय का ते शोधा, असं ते विद्यार्थ्यांना शिकवत. १८६७ च्या सुरुवातीला त्यांच्या स्वतःच्याच हाताची शीर सुजली. तिचा अर्थ त्यांना कुणी सांगावा लागला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये जठराच्या कर्करोगाने ते गेले.

त्यांना दिसलं ते खरं होतं. ते का घडतं, हे पुढे कितीतरी वर्षांनी उलगडलं आणि ते थक्क करणारं आहे. रक्तवाहिनीच्या बाहेरच्या पेशींवर ‘टिश्यू फॅक्टर’ नावाचं प्रथिन असतं. एरवी रक्ताशी त्याची गाठच पडत नाही. बोट कापलं की ती पडते आणि काही क्षणांत रक्त गोठायला लागतं. कर्करोगाच्या अनेक पेशी हेच प्रथिन अंगावर मिरवतात, त्याचे सूक्ष्म कण रक्तातही सोडतात. जखम कुठेच नाही, पण रक्ताला ती झाल्यासारखी वाटते! स्वादुपिंड, जठर आणि मेंदूच्या कर्करोगांत हा धोका विशेष. केमोथेरपी, शस्त्रक्रिया, अंथरुणाला खिळणं यांनी तो आणखी वाढतो.

अशा गुठळीवर दिली जाणारी हेपारिनची इंजेक्शनं किंवा अपिक्साबॅनसारख्या गोळ्या तिला विरघळवत नाहीत. त्या फक्त तिची वाढ थोपवतात. विरघळवण्याचं काम शरीर स्वतःच करतं, हळूहळू. म्हणून उपचार निदान तीन ते सहा महिने चालतात, आणि कर्करोग सक्रिय असेल तर त्यापुढेही.

रोज पोटाच्या कातडीत सुई टोचून घ्यायची, वर काळेनिळे डाग बघायचे, हे सोपं नाही. शिवाय केमोथेरपीने प्लेटलेट घटल्या की तेच औषध रक्तस्राव घडवू शकतं. मग मात्रा कमी करावी लागते किंवा औषध काही दिवस थांबवावं लागतं. तो निर्णय डॉक्टरांचाच. आपल्या मनाने गोळी बंद करू नये, दुखतं म्हणून दुकानातून वेदनाशामकही आणू नये.

घरच्यांनी मात्र लक्ष ठेवावं. एकच पाय किंवा हात सुजला, पोटरी दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. अचानक धाप लागली, छातीत कळ आली किंवा थुंकीतून रक्त पडलं, तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. अशा वेळी सकाळ उजाडायची वाट पाहू नये, मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावं.