साध्या इंजिनाला टर्बो बसवला तर?

सोनाळ्यात चुलीत फुंकणी तुम्ही मारलीच असेल. हवा जोरात मिळाली की जाळ भडकतो. टर्बोचं कामही तेच.

साधं इंजिन पिस्टन खाली जाताना हवा ओढून घेतं. टर्बोत मात्र इंजिनाचा गरम धूर एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून आत ढकलतं. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जळतं, ताकद वाढते. 1998 साली आलेल्या पुण्याच्या टाटा इंडिकाचं 1405 सीसी डिझेल इंजिन बिनटर्बोचं होतं. पुढे त्याच आकाराच्या इंजिनाला कंपनीने टर्बो दिला.

मग घरच्या जुन्या गाडीला नुसता टर्बो लावून भागेल? नाही. दाबलेली हवा तापते, म्हणून इंटरकूलर हवा. टर्बो मिनिटाला लाखावर फेरे घेतो, त्याला ऑईलची नळी हवी. पेट्रोल इंजिनात इंधन अवेळी पेटलं तर पिस्टनच फुटू शकतो. आणि सातपुड्याच्या घाटात गाडीत आपलीच माणसं असतात! शिवाय मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 नुसार आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही.

करून पहा: सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दहा वेळा पंप मारा. काय तापलं? का तापलं? वहीत लिहा.