पानाची प्रकृती, आकाशातून

हिरवं पान लाल प्रकाश शोषून अन्न तयार करतं. मात्र डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत पाठवतं. उपग्रह नेमका हाच फरक टिपतो. दोन्हींच्या वजाबाकीला बेरजेने भागलं की ‘एनडीव्हीआय’ हा वनस्पती निर्देशांक मिळतो. समजा, शेतातून ५० टक्के अवरक्त आणि ५ टक्के लाल प्रकाश परतला, तर निर्देशांक ०.८२, म्हणजे पीक जोमात. तेच आकडे ३० आणि २० झाले, की तो थेट ०.२ वर घसरतो.

१९७२ पासून ‘लँडसॅट’ उपग्रहांची मालिका ही नोंद ठेवते आहे. भारताचा ‘आयआरएस-१ए’ १९८८ मध्ये झेपावला. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’च्या चित्रात एक ठिपका म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, जेमतेम एक गुंठा जमीन! आणि ही चित्रं कुणालाही मोफत मिळतात, हे फार मोलाचं.

अडचण ढगांची. महाराष्ट्रात खरीप ऐन भरात असतो तेव्हाच आभाळ झाकोळलेलं. मग ढगांपार पाहणारे रडार उपग्रह मदतीला घ्यावे लागतात. शिवाय निर्देशांक घसरला एवढंच कळतं. पाणी कमी पडलं, कीड लागली की कापणी झाली, हे बांधावर जाऊनच पाहावं लागतं.