वॉर्डाच्या दाराशी लागलेला फळा

इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयात आजारी माणसाला भेटायला गेलं, की अनेकदा वॉर्डाच्या दाराशी एक फळा दिसतो. या पाळीला किती परिचारिका हव्या होत्या आणि प्रत्यक्षात किती कामावर आहेत, हे त्यावर लिहिलेलं असतं.

या दोन आकड्यांमागे स्टॅफर्डच्या रुग्णालयाची वेदना आहे. २००५ ते २००९ या काळात तिथे खर्च वाचवण्यासाठी मनुष्यबळ कापलं गेलं. घंटी वाजवूनही कुणी येईना, पाण्याचा पेला हाताला लागेना. म्हातारी माणसं ओल्या चादरीवर तासन् तास पडून राहिली. आई गमावलेल्या ज्युली बेली यांनी इतर नातेवाइकांना जोडून घेत चौकशीची मागणी लावून धरली. फेब्रुवारी २०१३ मध्ये या चौकशीचे प्रमुख रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल २९० शिफारशींसह आला आणि २०१४ पासून रुग्णालयांना परिचारिकांची ही आकडेवारी दरमहा जाहीर करावी लागली.

आकडे मोजायचे कशासाठी? संशोधक लिंडा एकेन यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण जास्त असला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी अधिक आढळली.

तरीही फळा नीट वाचावा लागतो. ‘हव्या होत्या’ हा आकडा रुग्णालयच ठरवतं. तोच कमी धरला, तर शंभर टक्के हजेरीही अपुरी पडते. शिवाय दरमहा जाहीर होणाऱ्या सरासरीत एकट्या परिचारिकेने तारून नेलेली रात्र दिसत नाही.