रुग्णालयं घरं बांधायला पैसे का देतात?

सप्टेंबर २०१६मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात पाच रुग्णालय समूह आणि केअरओरेगॉन ही आरोग्य योजना चालवणारी संस्था एकत्र आल्या. त्यांनी २ कोटी १५ लाख डॉलर दिले ते नव्या वॉर्डसाठी नव्हे, तर ३८२ घरांसाठी. ही घरं उभारण्याची जबाबदारी होती बेघरांसाठी काम करणाऱ्या 'सेंट्रल सिटी कन्सर्न' या संस्थेकडे.

रुग्णालयांचा यात काय फायदा?

डिस्चार्ज मिळालेला रुग्ण फुटपाथवर परतला, तर इन्सुलिन थंड कुठे ठेवणार? जखम स्वच्छ कशी राहणार? मग तोच रुग्ण पुन्हा इमर्जन्सीत येतो. १९८६च्या कायद्यानुसार तिथे आलेल्या रुग्णाला पैसे नसले तरी तपासावंच लागतं आणि प्रकृती गंभीर असेल तर उपचारही द्यावे लागतात. याशिवाय, करसवलत घेणाऱ्या ना-नफा रुग्णालयांना समाजासाठी काय केलं, हेही दाखवावं लागतं.

हे काम कसं चालतं?

या प्रकल्पातल्या 'ब्लॅकबर्न सेंटर'मध्ये दवाखाना, औषधांचं दुकान, आजारातून सावरणाऱ्यांसाठी खाटा आणि घरं एकाच छताखाली आहेत. उपचार संपले की रुग्ण पुन्हा रस्त्यावर जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

मग घर मिळालं की आजार बरा होतो?

इतकं सोपं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०१८च्या अहवालानुसार, आधार सेवांसह कायमचं घर मिळालेले लोक घरात टिकून राहतात. मात्र त्यामुळे तब्येतही सुधारते, याचे ठोस पुरावे एचआयव्हीबाधित रुग्ण वगळता अजून पुरेसे नाहीत.

मुंबईशी याचा काय संबंध?

इथे प्रश्न जरा वेगळा आहे. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारतींमध्ये, जिथे ऊन आणि हवा कमी पोहोचते, तिथे क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे डोक्यावर छप्पर आलं, पण खिडकीतून वारा आला नाही.

क्षयरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. पण दोन इमारतींमध्ये किती अंतर सोडायचं, हे दवाखान्यात ठरत नाही. ते आराखडा मंजूर होतानाच ठरतं. त्या टेबलावर आरोग्य खात्याचा माणूसही हवा, तो यासाठीच.