घड्याळ चालकाला, मोकळीक मालकाला

कष्टकऱ्याच्या वेळेचा हिशेब ठेवणारे यंत्र आले की दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक वर्ग म्हणतो, यंत्र आले, आता शिस्त येईल. दुसरा म्हणतो, यंत्रच नको. आमच्या मते दोघेही मुळाशी जात नाहीत. यंत्र कुणाचा वेळ मोजते, ती नोंद कुणाच्या कामी येते आणि मोजलेल्या वेळेचे दाम कोण देतो, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय यंत्राचे स्वागतही करू नये आणि धिक्कारही करू नये. अमेरिकेतील ट्रकचालकांचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्या चालकाने किती तास गाडी चालवावी, यावर १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी बंधने आहेत. आजचा नियम असा: सलग १० तास विश्रांती झाल्यावर चालकाने जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवावी, आणि तीही कामावर रुजू झाल्यापासून १४ तासांच्या आत. ८ तास चालवल्यावर अर्ध्या तासाचा खंड घ्यावा. ७ दिवसांत ६० किंवा ८ दिवसांत ७० तास काम झाले की गाडी चालवणे बंद. हा हिशेब चालक पूर्वी कागदी वहीत लिहीत. त्या वहीत खोट्या नोंदी होत, हे कुणीच नाकारत नव्हते. २०१२ साली तेथील संसदेने कायदा केला, डिसेंबर २०१५ मध्ये नियम आला आणि १८ डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांवर इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचे झाले. हे यंत्र थेट इंजिनाला जोडलेले असते. गाडी ताशी ५ मैलांच्या वेगाने हलली की 'चालवणे सुरू' अशी नोंद आपोआप पडते. गाडी कुठे आहे, हेही त्यात उमटते.

थकलेला चालक स्वतःच्या आणि इतरांच्याही जिवाला धोका असतो. म्हणून तासांवर मर्यादा हवीच, तिला आमचा विरोध नाही. प्रश्न असा आहे की चालक वहीत खोटे का लिहीत होता? त्याला झोप नकोशी झाली होती काय? नाही. लांब पल्ल्याच्या अनेक चालकांना मजुरी तासावर मिळत नाही, मैलावर मिळते. चाक फिरले तर पैसा, चाक थांबले की पैसा बंद. गोदामाच्या दारात माल भरण्या-उतरवण्यासाठी चार-पाच तास ताटकळावे लागले, तर ते तास बहुतेक वेळा फुकट जातात किंवा नाममात्र भरपाईवर निभावतात. चालक सकाळी ६ वाजता गोदामावर हजर झाला आणि ११ वाजता सुटला असे समजा. त्याचे १४ तास सकाळी ६ पासून चालू झाले. रात्री ८ वाजता ते संपणार. म्हणजे कायद्याने दिलेल्या ११ तासांपैकी त्याच्या हाती ९ च उरले. गोदामवाल्याने खाल्लेल्या वेळेची किंमत चालकाने भरायची! सर्वसाधारणपणे हे १४ तासांचे घड्याळ थांबत नाही. यंत्र आल्यावर ही कोंडी अधिकच आवळली.

हे आम्हीच म्हणतो असे नव्हे. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ साली अहवाल दिला. गोदामावरील सरासरी थांबा १५ मिनिटांनी वाढला तर अपघातांचे अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा अंदाज होता. या ताटकळण्यामुळे त्या क्षेत्रातील चालकांचे वर्षाला १.१ ते १.३ अब्ज डॉलरचे उत्पन्न बुडते, असेही त्यात म्हटले होते. पुढे संशोधकांनी यंत्राच्या सक्तीनंतरची आकडेवारी तपासली. तासांच्या नियमांचे उल्लंघन घटले होते, पण अपघात घटल्याचे दिसले नाही. उलट लहान कंपन्यांच्या चालकांचे वेग मोडण्याचे गुन्हे वाढले होते. याचा अर्थ उघड आहे. पोट मैलावर आणि घड्याळ मानगुटीवर असेल, तर माणूस गाडी पळवणारच.

मग चालकाला तासाची मजुरी का नाही? याचे उत्तर कायद्यातच आहे. १९३८ च्या अमेरिकन श्रम कायद्याने आठवड्याच्या ठराविक तासांपलीकडील कामाला दीडपट मोबदला दिला. ती मर्यादा आज ४० तासांची आहे. पण आंतरराज्य ट्रकचालकांना या दीडपट मोबदल्यातून वगळले गेले. शेतमजूर आणि घरकामगार तर त्या कायद्याच्या संरक्षणाबाहेरच राहिले, आणि दक्षिणेकडील राज्यांत ही कामे करणारे बहुसंख्येने कृष्णवर्णीय होते. कायद्यात वंशाचे नाव कुठेच नव्हते, फक्त कामाचे नाव होते. कामाच्या नावाखाली माणूस कसा वगळला जातो, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ट्रकचालकांना दीडपट मोबदला मिळावा म्हणून २०२२ साली तेथील संसदेत विधेयक आले, पण ते मंजूर झाले नाही.

दुसरा मुद्दा कंपनीच्या शिस्तीचा. सरकारला हवी ती नोंद कामाच्या तासांची. कंपन्यांनी मात्र त्याच यंत्राला आपली व्यवस्था जोडली. चालकाने ब्रेक जोरात दाबला का, डिझेल किती जाळले, गाडी किती वेळ उभी ठेवली, हे सारे कचेरीत दिसू लागले. काही कंपन्यांनी चालकाच्या तोंडावर कॅमेरा रोखला. समाजशास्त्रज्ञ करेन लेव्ही यांनी ट्रकचालकांवरील या पाळतीचा अनेक वर्षे अभ्यास करून २०२२ साली पुस्तक लिहिले. सुरक्षेच्या नावाने आलेले यंत्र मालकाच्या देखरेखीचे साधन कसे बनते, हे त्यात मांडले आहे.

येथे चालकांच्या लढ्याची नोंद घेतलीच पाहिजे. अशाच यंत्राचा आधीचा नियम चालकांच्या संघटनेने न्यायालयात नेला आणि २०११ साली तो रद्द करवून घेतला. कंपनी या यंत्राने चालकाचा छळ करणार नाही याची तजवीज सरकारने केली नाही, हेच त्याचे कारण होते. म्हणून २०१५ च्या नियमात छळबंदीचे कलम आले. चालक झोपण्याच्या जागेत विश्रांती घेत असताना कंपनीच्या संदेशाचा आवाज बंद करण्याची सोय यंत्रात असलीच पाहिजे, असे ठरले. चालकाच्या संमतीशिवाय त्याची नोंद बदलता येत नाही आणि नोंदीची प्रत मिळण्याचा त्याला हक्क आहे. छळाची तक्रार ९० दिवसांत करता येते. झोपलेल्या माणसाला उठवू नये, एवढी साधी गोष्ट नियमात लिहून घेण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, हे विसरू नये.

पण कागदावरचा हक्क किती महाग पडतो, तेही पाहा. जानेवारी २००९ मध्ये इलिनॉय राज्यात कडाक्याच्या थंडीत एका चालकाच्या ट्रेलरचे ब्रेक गोठले. केबिनमधील उष्णता बंद पडली. मदतीची तासन्‌तास वाट पाहून शरीर बधिर झाले, तेव्हा त्याने ट्रेलर सोडला आणि नुसता ट्रक घेऊन तो निघाला. जीव वाचला, नोकरी गेली. माल वाऱ्यावर सोडला, हा त्याचा गुन्हा! ट्रान्सअ‍ॅम ट्रकिंग या कंपनीविरुद्धचा तो खटला अपिली न्यायालयात त्याच्या बाजूने लागला तो ऑगस्ट २०१६ मध्ये, तोही दोन विरुद्ध एक मतांनी. कंपनीच्या बाजूने मत देणारे न्यायाधीश नील गोर्सच पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेले.

आणखी एक इतिहास आहे. १९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मोठ्या ट्रक कंपनीचा खटला निकाली काढला. १९७१ साली त्या कंपनीच्या लांब पल्ल्याच्या १,८२८ चालकांत कृष्णवर्णीय अवघे ८ होते, आणि तेही खटला सुरू झाल्यावर घेतलेले. चांगल्या पगाराची लांब पल्ल्याची जागा गोऱ्यांना, शहरातली कमी पगाराची कामे इतरांना. न्यायालयाने भेदभाव मान्य केला, पण कामगार संघटनेच्या करारातील ज्येष्ठतेची पद्धत कायम ठेवली. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्य कामगारांना बंद होती आणि १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता, त्याची येथे आठवण होते. अमेरिकेत १९८० साली ट्रक धंद्यावरील सरकारी नियंत्रण सैल झाले, संघटना कमजोर झाल्या, मजुरी घसरली. वंचितांच्या हाती स्टिअरिंग आले तोवर त्या जागेची किंमत उतरली होती.

यातून आपण काय घ्यायचे? आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांचे काम ठरवले होते. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. आपल्या अनेक ट्रकांवरही मालकांनी जीपीएस बसवले आहे. गाडी कुठे थांबली हे मालकाला मोबाइलवर दिसते. चालक किती तास जागा आहे, हे पाहण्यासाठी ते बसवलेले नाही. उद्या येथेही तासांची नोंद यंत्राकडे जाईल, तेव्हा आपली मागणी आजच ठरलेली असावी.

१९४६ साली केंद्रीय कायदेमंडळात कारखान्यांचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ करणारे विधेयक मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी मांडले, तेव्हा त्यात जादा कामाच्या मोबदल्याचाही विचार होता. तास आणि दाम त्यांनी वेगळे केले नव्हते. आमची भूमिकाही तीच आहे. यंत्र बसवायचे तर ते गोदामाच्या दारातले ताटकळणेही मोजणारे हवे. मोजलेल्या प्रत्येक तासाला मजुरी हवी. नोंदीची प्रत चालकाच्या हाती हवी आणि त्याच्या झोपेत मालकाचा आवाज नको. या अटी मान्य असतील तर यंत्र खुशाल बसवा. नसतील, तर ते यंत्र सुरक्षेसाठी नसून मालकाच्या सोयीसाठी आहे, असे आम्ही समजू आणि चालक बांधवांनीही तसेच समजावे.