शेजारच्या राज्यात रयत उठते तेव्हा

२०२१ पासून आपल्या आजूबाजूच्या देशांतली रयत एकामागून एक रस्त्यावर आली. म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि लोक उठले. २०२२ च्या जुलैत श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांना देश सोडून पळावे लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशाच्या पंतप्रधान शेख हसीना गादी सोडून भारतात आल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळातल्या तरुण पोरांपुढे पंतप्रधान ओली यांना राजीनामा द्यावा लागला. अशी बातमी आली की पारावर दोन तट पडतात. एक म्हणतो, आपल्या सरकारने गप्प का बसावे? दुसरा म्हणतो, लोकांच्या घरच्या भांडणात आपण कशाला पडा?

भूमच्या माणसाने या वादात पडण्यापूर्वी एक गोष्ट आठवावी. एके काळी उठलेली रयत आपणच होतो, आणि शेजारची लोकशाही काय करते याकडे डोळे लावून बसलो होतो.

ही १९४७-४८ ची हकीगत आहे. भूम, परंडा, कळंब, तुळजापूर हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बार्शी तालुका मात्र सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात. सरहद्द अशी वेडीवाकडी, की इकडची काही गावे तिकडच्या मुलखात अडकलेली आणि तिकडची इकडे. शिवार ओलांडले की राज्य बदले. इकडे हाली शिक्का चाले, तिकडे कलदार. सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळत. माल पेठेत न्यायचा तर वाटेत करोडगिरीचा नाका. त्यावर धान्याची लेव्ही. पीक येवो न येवो, सरकारचे माप भरलेच पाहिजे. दफ्तर उर्दूत, त्यामुळे आपल्या नावावर काय लिहिले आहे हे कुणब्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे.

१५ ऑगस्ट १९४७ ला बार्शीत तिरंगा चढला आणि इकडे तो चढवणारा तुरुंगात गेला. निजामाने जूनमध्येच जाहीर केले होते की इंग्रज गेले की आपण स्वतंत्र. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या स्टेट काँग्रेसने संस्थान भारतात सामील करा म्हणून लढा पुकारला. स्वामीजींना अटक झाली. लोकांनी शिंदीची झाडे तोडली, करोडगिरीचे नाके मोडले, लेव्ही नाकारली. समोर लातूरचे वकील कासीम रझवी यांचे रझाकार उभे राहिले. गावे लुटली गेली, जाळली गेली. मग बैलगाड्या जुंपून, पोराबाळांना घेऊन हजारो माणसे सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूर-नगरकडे गेली.

दिल्लीने काय केले? प्रथम करार केला. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजामाशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. त्या करारानंतर सिकंदराबादेत असलेली भारताची फौज परत निघाली. ज्या माणसाच्या दारात रझाकार उभा होता त्याला हे कसे वाटले असेल याची कल्पना करा. दिल्लीची अडचणही खोटी नव्हती. फाळणीची आग अजून विझली नव्हती, काश्मिरात लढाई चालू होती, आणि आपणच उद्या जगापुढे ‘वाटाघाटीने प्रश्न सोडवा’ असे सांगणार होतो. कन्हैयालाल मुन्शी भारताचे प्रतिनिधी म्हणून हैदराबादला जाऊन बसले. माउंटबॅटन जून १९४८ मध्ये परत जाईपर्यंत मसुद्यामागून मसुदे झाले. शेवटचा मसुदाही निजामाने नाकारला.

पण सरकारी कागद दिल्लीत फिरत असताना सरहद्दीवरची माणसे थांबली नव्हती. बार्शी-सोलापूरच्या बाजूला लढ्याचे तळ पडले. पळून आलेल्यांना तिथल्या गावांनी जागा दिली, भाकरी दिली. ज्यांच्या घरी स्वतःचेच जोंधळे पुरत नव्हते अशांनीही दिली. तळांवर हत्यारेही आली, आणि मुंबई सरकारने त्याकडे कानाडोळा केला. तळांवरून संस्थानच्या चौक्यांवर हल्ले होत. म्हणजे वरून करार आणि खालून मदत, असा दुहेरी कारभार होता. आज आपण एखाद्या देशाला शेजाऱ्याच्या बंडखोरांना पोसतो म्हणून नावे ठेवतो तेव्हा हेही ध्यानात असू द्यावे. संस्थानची नाकेबंदीही झाली. तिचा चटका राजवाड्याला किती बसला कोण जाणे, गरिबाला नक्की बसला. जुलैत सोलापूर-बार्शी भागातल्या नान्नज या संस्थानी गावाजवळ भारतीय जवानांवर गोळीबार झाला आणि फौजेने ते गाव ताब्यात घेतले. ऑगस्टमध्ये निजामाने संयुक्त राष्ट्रसंघात फिर्याद नेली. दिल्लीचे म्हणणे, हा आमचा घरचा प्रश्न आहे. हैदराबादचे म्हणणे, आम्ही वेगळा देश आहोत. हा वाद सुरक्षा समितीपुढे उभा राहिला तेव्हा फौज आत शिरून तीन दिवस झाले होते.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे सोलापूरकडून फौज निघाली. नळदुर्ग आणि तुळजापूर पहिल्या टप्प्यात आले. दुसऱ्या दिवशी उस्मानाबाद शहरात रस्त्यावर लढाई झाली. १७ तारखेला निजामाने हत्यार ठेवले. पाच दिवसांत काम आटोपले. आपण त्याला अजून ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतो. हे नाव मुद्दाम घेतलेले होते, कारण दुसऱ्या देशावर स्वारी केली असे जगाला दिसता कामा नये.

रयतेने मागितले ते तेरा महिन्यांनी मिळाले. मात्र त्याच संस्थानात तेलंगणात कम्युनिस्टांच्या मागे दुसरी रयत उठली होती. तिलाही निजाम आणि देशमुख-जमीनदार नको होते, पण तिला दिल्लीचे राज्यही नको होते. निजाम शरण आला तरी तिच्याशी फौजेची लढाई चालूच राहिली, ती १९५१ पर्यंत. आणि निजाम? १९५० पासून १९५६ पर्यंत तो हैदराबादचा राजप्रमुख म्हणून मानाने बसला. कोणाचा उठाव आपला आणि कोणाचा परका, हे लोकशाहीसुद्धा आपल्या सोयीने ठरवते. कोणाला हे कडू वाटेल, पण पुढचा इतिहासही तेच सांगतो.

१९५५ च्या १५ ऑगस्टला गोव्यात निःशस्त्र सत्याग्रही शिरले आणि पोर्तुगिजांच्या गोळ्यांनी वीसहून अधिक माणसे पडली. सरकारने त्यानंतर सत्याग्रहींनाच सरहद्दीवर अडवले. फौज गेली ती १९६१ च्या डिसेंबरात. १९५६ मध्ये हंगेरीतले लोक रशियाच्या रणगाड्यांपुढे उभे राहिले. तिथे खुल्या निवडणुका घ्याव्यात असा ठराव संयुक्त राष्ट्रसंघात आला तेव्हा भारताने विरोधात मत दिले. जयप्रकाशांनी नेहरूंच्या या धोरणावर उघड टीका केली होती, आणि ती रास्त होती असे माझे मत आहे. रशियाची मैत्री आणि काश्मिरात उद्या आपल्यालाच हेच सांगितले जाईल ही धास्ती, दोन्ही खऱ्या असतील. पण बुडापेस्टच्या माणसाला त्याचे काय?

१९७१ ची गोष्ट वेगळी. मार्चमध्ये पूर्व बंगालात कत्तल सुरू झाली, आणि महिन्याच्या शेवटीच आपल्या संसदेने तिथल्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव केला. फौज गेली डिसेंबरात. मधले आठ महिने सुमारे एक कोट निर्वासित आपण सांभाळले. त्यांच्यासाठी पत्रांवर ५ पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, हे जुन्या माणसांना आठवत असेल. म्हणजे मराठवाड्यातल्या माणसानेही आपला वाटा दिला, आणि त्याच सुमारास इथे मोठ्या दुष्काळाची चाहूल लागलेली होती.

२०२१ मध्ये म्यानमारमधून लोक पळून आले तेव्हा दिल्लीने ईशान्येच्या राज्यांना सांगितले की शिरकाव रोखा. मिझोरमचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले, की ही आमचीच माणसे आहेत, आम्ही पाठ फिरवू शकत नाही. गावांनी आसरा दिला. बार्शीच्या गावांनीही १९४८ मध्ये दिल्लीला विचारले नव्हते. श्रीलंकेला २०२२ मध्ये सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत गेली, आणि गादीवर कोण बसावे हे ठरवण्यात आपण पडलो नाही. मला तरी ही रीत पटते.

आता आपल्या जिल्ह्याकडे परत येतो, कारण १७ सप्टेंबरला झेंडावंदन करताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही. फौज जिंकली आणि रझाकार पळाले, तेव्हा सूड सुरू झाला. रझाकारांशी काही संबंध नसलेले मुसलमान कारागीर, शेतमजूर, दुकानदार मारले गेले. बायका-पोरांचे हाल झाले. तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्या तेव्हा भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठवले. ही मंडळी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये हिंडली. त्यांच्या अंदाजाने संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे मेली. सर्वात वाईट म्हणून त्यांनी जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद एक, बाकीचे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. काही ठिकाणी जवान आणि पोलीसही लुटीत सामील झाल्याचे त्यांनी लिहिले, आणि काही ठिकाणी अधिकाऱ्यांनी लोकांना वाचवल्याचेही. या आकड्यांबद्दल वाद आहेत. पण एका लोकशाही सरकारने आपल्याच विजयानंतर चौकशीला माणसे पाठवली ही मोठी गोष्ट होती, आणि अहवाल हाती आल्यावर तो छापला नाही ही तितकीच छोटी. तो सर्वसामान्य माणसाला वाचायला मिळाला २०१३ मध्ये, दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात. तोवर पासष्ट वर्षे होत आली होती आणि ज्यांना न्याय मागायचा ते बहुतेक मातीआड गेले होते.

त्याच अहवालात एक नोंद आहे. एकाच धंद्यातल्या माणसांनी एकमेकांना सांभाळल्याचे त्यांना अनेक ठिकाणी दिसले. काही गावांत हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर शेजाऱ्यांना चालून आलेल्या जमावापासून वाचवले, आणि ते करताना त्यांतल्या काहींचा स्वतःचाही जीव गेला.