मोरयाचे गाव, चापेकरांचा चौक

कारखान्यांचे शहर म्हटले की डोळ्यांपुढे धुराडी आणि भोंगेच येतात. पिंपरी-चिंचवडचेही तसेच झाले आहे. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलीनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, मागोमाग मोटारींचे कारखाने आले, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि पाहता पाहता वसाहती चाकणपर्यंत जाऊन भिडल्या. पण या गर्दीच्या पोटात पवनाकाठचे जुने चिंचवडगाव अजून नांदते आहे.

त्या गावच्या वेशीसारखा आहे चापेकर चौक. माझ्या शेजारचा एक तरुण रोज सकाळी तिथे कंपनीच्या बसची वाट पाहतो. त्याला मी सहज विचारले, "काय रे, चापेकर बंधू किती?"

"दोन ना, काका?"

मी म्हटले, "रविवारी चल माझ्याबरोबर." आणि आम्ही निघालो.

चौकापासून जवळच चापेकरांचा वाडा. आता तिथे स्मारक आहे. वडील हरिभाऊ कीर्तनकार. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे त्यांचे तीन मुलगे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँडचे गोरे सोजीर घराघरांत शिरले. त्यांनी सामान रस्त्यावर फेकले, देवघरेसुद्धा सोडली नाहीत. रोगापेक्षा हा इलाज लोकांना भयंकर वाटू लागला.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत, राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव आटोपून परतणाऱ्या गाड्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मेला. पुढे द्रविड बंधूंनी फितुरी केली आणि दामोदर पकडला गेला. १८ एप्रिल १८९८ रोजी त्याला येरवड्यात फाशी झाली. धाकट्या वासुदेवाने आणि महादेव रानडे या मित्राने १८९९ च्या फेब्रुवारीत द्रविडांना गोळ्या घातल्या. मग मे महिन्यात ८ तारखेला वासुदेव, १० ला रानडे आणि १२ ला बाळकृष्ण फासावर गेले.

एका घरातले तीन मुलगे, अवघ्या तेरा महिन्यांत! त्या घरातल्या बायामाणसांनी ते दिवस कसे काढले असतील? माझा सोबती बराच वेळ काही बोलला नाही.

तिथून आम्ही मंगलमूर्ती वाड्यात गेलो. मोरया गोसावींना मोरगावच्या कऱ्हेत सापडलेली म्हणून मानली जाणारी गणेशमूर्ती या वाड्यात आहे. भाद्रपदात आणि माघात तिची पालखी आजही मोरगावला जाते. वाड्यापलीकडे नदीच्या अंगाला मोरयांचे समाधिमंदिर. पावसाळ्यात पवना फुगली की पाणी थेट मंदिरात शिरते, आणि ओसरले की पूजा पुन्हा सुरू! आपण 'मोरया'चा गजर करतो तो याच सत्पुरुषाच्या नावाने, असे गावकरी अभिमानाने सांगतात.

एकाच गावाने महाराष्ट्राला भक्ताचे नाव दिले आणि हुतात्म्यांचेही. पहिले आपण दरवर्षी मोठ्याने घेतो. दुसरे मात्र आपल्या तोंडी केवळ उतरायच्या थांब्यापुरते उरले आहे. ते तेवढेच उरू नये, म्हणून हा सारा खटाटोप.

तेव्हा वाचकहो, फराळ झाल्यावर एखादी सकाळ मोकळी काढा आणि मुलांना चिंचवडगावी घेऊन जा. सारे अंतर पायी चालण्याजोगे आहे. फक्त चौकात उभे राहून तिन्ही भावांची नावे मुलांकडून एकदा म्हणवून घ्या.